वाचकांचे प्रश्न : विद्यापीठाच्या लघु-अभ्यासक्रमाला नाव घालण्याआधी

गेल्या अंकात प्रौढांसाठीच्या विद्यापीठीय लघु-अभ्यासक्रमांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ओघ लागला. बरेच प्रश्न एकमेकांना लागून होते, म्हणून त्यांतले काही निवडून सविस्तर उत्तरं देते आहे. मी भूविज्ञान शिकवलं, आणि नोकरीतली बरीच वर्षं विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात संध्याकाळचे वर्ग घेतले आणि चालवलेही. जे सांगते ते त्या वर्गांत पाहिलेलं आहे.

प्रश्न : मी ६१ वर्षांची आहे. बारावीनंतर शिक्षण थांबलं ते थांबलंच. पुरातत्त्वाच्या दहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक हाती आलं. ‘प्रवेशासाठी शैक्षणिक अट नाही’ असं त्यात छापलंय. खरंच मला घेतील का? आणि घेतलं तरी झेपेल का?

घेतील. तसं छापलेलं असेल तर तुमची गुणपत्रिका कुणी मागणार नाही. ही काही तुमच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. जुनी पदवी असलेलाच माणूस शिकू शकतो, हा समज खोडून काढायला अनेकांनी आयुष्यं वेचली आहेत. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी घेतले, तेव्हा पूर्ण पदवीलासुद्धा आधीच्या परीक्षांची अट ठेवली नव्हती. तुम्ही तर दहा आठवड्यांचा अभ्यासक्रम विचारताय.

मात्र एक फरक ध्यानात ठेवा. शैक्षणिक अट नसणं वेगळं आणि पूर्वतयारीची अपेक्षा नसणं वेगळं. माहितीपत्रकात खाली कुठेतरी ‘अपेक्षित पूर्वज्ञान’ असा रकाना असतो. तो नसेल तर विभागाला विचारा, आणि पहिल्या आठवड्याचं वाचन आधी मागून घ्या. ते घरी शांतपणे वाचा. निम्म्याहून जास्त समजलं आणि उरलेल्यामुळे डोक्यात प्रश्न उठले, तर तो वर्ग तुमच्यासाठीच आहे. सगळंच समजलं तर वरच्या पातळीचा अभ्यासक्रम शोधा. पहिल्या पानावरच पाय अडखळला, तर त्याच विषयाचा ‘परिचय’ किंवा ‘ओळख’ असं नाव असलेला वर्ग आधी करा.

झेपण्याबद्दल बोलायचं तर वयानुसार काय बदलतं हे मानसशास्त्राने बऱ्यापैकी उलगडलं आहे. नवी माहिती झटपट हाताळण्याचा वेग कमी होतो. शब्दसंपत्ती, जगाची जाण, एका गोष्टीचा दुसरीशी संबंध लावणं हे मात्र उतारवयातही पुष्कळ काळ टिकतं. पुरातत्त्वासारख्या विषयात दुसऱ्या गोष्टीचाच कस लागतो. खापराच्या तुकड्यावरून तिथल्या माणसांच्या जगण्याचा अंदाज बांधायचा, तर ज्याने स्वतः संसार, काम, माणसं पाहिली आहेत त्याला जास्त सुचतं. वाचनाला तरुणांपेक्षा वेळ जास्त लागेल, तेवढी सोय आठवड्यात करून ठेवा. बाकी निर्धास्तपणे नाव घाला.

प्रश्न : शेवटी जे प्रमाणपत्र मिळतं त्याला काही किंमत असते का? मी ४४ वर्षांचा, लेखा विभागात आहे. संख्याशास्त्राचा एक लघु-अभ्यासक्रम करायचा विचार आहे, पण कागदाला कुणी विचारणार नसेल तर वेळ कशाला घालवायचा?

एकाच रंगाच्या जाड कागदावर तीन अगदी वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात. पहिली, उपस्थितीचं प्रमाणपत्र : तुम्ही वर्गाला आलात, इतकंच ते सांगतं. दुसरी, मूल्यमापनानंतर दिलेलं प्रमाणपत्र : तुम्ही काही लिहिलंत, सोडवलंत, ते कुणीतरी तपासलं आणि पुरेसं ठरवलं. तिसरी गोष्ट श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिट्सची. ती विद्यापीठाच्या नोंदीत जाते आणि पुढे पदविका किंवा पदवीत मोजली जाऊ शकते. मोजली जाऊ ‘शकते’ म्हणते, कारण ते पुढचं विद्यापीठ ठरवतं. म्हणून विचारायचं ते त्या पुढच्या विद्यापीठाला, आणि उत्तर लेखी घ्यायचं.

श्रेयांकाचा दुसरा उपयोग लोकांच्या लक्षात येत नाही. त्यावरून किती कष्ट पडणार हे कळतं. युरोपच्या पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम, ब्रिटनमध्ये १० तासांचं. यात वर्गाबाहेरचं वाचन आणि लेखनही धरलेलं असतं. भारतात तासिकांच्या हिशेबाने सत्र पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे सुमारे १५ तासांचं अध्यापन, घरचा अभ्यास त्याच्यावर वेगळा. युरोपातल्या एखाद्या अभ्यासक्रमापुढे तीन श्रेयांक लिहिले असतील आणि व्याख्यानं वीसच तासांची असतील, तर उरलेले पंचावन्न ते सत्तर तास तुमच्या टेबलापाशी जायचे आहेत. माहितीपत्रकातला ‘आठवड्याला फक्त दोन तास’ हा मजकूर वाचून नाव घालणारे इथेच फसतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. नोकरीच्या ठिकाणी कागद दाखवण्यापेक्षा काम दाखवा. संख्याशास्त्राच्या वर्गात शेवटी प्रकल्प असेल तर तो तुमच्या रोजच्या आकड्यांवर करा, नावं आणि गोपनीय तपशील काढून. थकबाकी कोणत्या महिन्यात वाढते, ती वाढ खरी की निव्वळ चढउतार, याचं चार पानी टिपण तुम्हाला लिहिता आलं, तर वरिष्ठ ते वाचतील. म्हणून अभ्यासक्रम निवडताना एवढं बघा, की शेवटी तुमच्या हातात स्वतः केलेलं, तपासून मिळालेलं काही उरतं का. उरत नसेल, तर तीच व्याख्यानं ग्रंथालयातल्या पुस्तकातून वाचलेली बरी.

प्रश्न : मी ३६ वर्षांची, पाळीची नोकरी आहे, घरी लहान मूल. आंतरजालावरचे विद्यापीठांचे विनामूल्य अभ्यासक्रम उत्साहाने सुरू करते आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुटतात. असं बऱ्याचदा झालंय. माझ्यात चिकाटीच नाही का?

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण याच मजकुराची पत्रं सर्वांत जास्त आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाने दोष स्वतःकडे घेतला आहे. तो तसा घेऊ नका.

२०११ च्या शरद ऋतूत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन अध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम आंतरजालावर सर्वांना खुला केला. सुमारे १,६०,००० लोकांनी नाव नोंदवलं, पूर्ण केला तो सुमारे २३,००० जणांनी. आणि ही तर पहिल्या उत्साहाची गोष्ट. पुढे अशा खुल्या अभ्यासक्रमांत शेवटपर्यंत पोचणारे बहुतेक ठिकाणी याहूनही कमी निघाले. इतकी सगळी माणसं आळशी असू शकत नाहीत. त्या रचनेत काहीतरी गाळलेलं आहे.

काय गाळलं गेलं, ते कळण्यासाठी दीडशे वर्षं मागे जावं लागेल. केंब्रिजचा जेम्स स्टुअर्ट नावाचा तरुण अध्यापक १८६७ मध्ये उत्तर इंग्लंडच्या शहरांत स्त्रियांसाठी खगोलशास्त्रावर व्याख्यानं देऊ लागला. व्याख्यानानंतर त्याला प्रश्न विचारायचे होते, पण तरुण पुरुषाने स्त्रियांना समोरासमोर प्रश्न विचारणं तेव्हा शोभत नसे. म्हणून त्याने प्रश्न छापून वाटले, उत्तरं लिहून टपालाने मागवली, तपासली आणि परत केली. अडचणीतून काढलेली ही वाट इतकी उपयोगी ठरली की ती कायमची झाली. पुढे रॉचडेल इथे कामगारांच्या सहकारी संस्थेत तो बोलत असे. एकदा घाईत असल्यामुळे त्याने व्याख्यानाच्या आकृत्या भिंतीवर तशाच राहू देण्यास सांगितलं. पुढच्या आठवड्यात आला तेव्हा सभागृहाच्या रखवालदाराने त्याला सांगितलं, की तुम्ही आकृत्या ठेवून गेलात हे फार चांगलं केलंत. मंडळी त्यांच्यावर चर्चा करत होती, आणि प्रश्न विचारायला आज व्याख्यानाच्या आधी येणार आहेत. त्यातून व्याख्यानाला जोडून चर्चेचा वर्ग घ्यायची पद्धत पडली. १८७३ मध्ये केंब्रिजने हे काम अधिकृतपणे हाती घेतलं, आणि विद्यापीठाच्या भिंतींबाहेरचं शिक्षण तिथून रुजलं.

याच रॉचडेलमध्ये आणि लाँगटनमध्ये १९०८ मध्ये इतिहासकार आर. एच. टॉनी यांनी कामगारांचे वर्ग सुरू केले. कापडाच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांच्या त्या गावांत दिवसभर राबून आलेली माणसं आर्थिक इतिहास शिकायला बसत. नियम कडक होते : तीन वर्षं यायचं, वर्षाला २४ बैठका, दर बैठक दोन तासांची, त्यातला एक तास व्याख्यान आणि एक तास चर्चा, वर्गात तीसच्या आसपास माणसं आणि दर पंधरवड्याला एक निबंध. ज्यांच्या हातात दिवसभर यंत्र होतं, त्यांनी रात्री निबंध लिहिले. ही गोष्ट मी माझ्या प्रत्येक नव्या वर्गाला सांगत आले. अजूनही सांगताना माझा गळा दाटतो.

आता तुमच्याकडे येऊ. स्टुअर्टच्या स्त्रियांना आणि टॉनींच्या कामगारांना जे मिळत होतं त्यातलं तुम्हाला काय मिळालं? व्याख्यान मिळालं, तेही कदाचित जास्त चांगलं. पण लिहिलेलं वाचणारं माणूस मिळालं नाही. ठरावीक दिवशी तुमची वाट पाहणारं कुणी नव्हतं. शेजारी बसून ‘तुम्हाला कळलं का हो हे?’ विचारणारंही कुणी नव्हतं. मग थकलेल्या रात्री ते पान कुणासाठी उघडायचं?

म्हणून एक करा. सध्या सगळी नोंदणी सोडून द्या आणि एकच अभ्यासक्रम घ्या, चार ते सहा आठवड्यांचाच. त्याला सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख हवी, आणि निदान एक तरी लेखी काम माणसाने तपासलेलं हवं, यंत्राने गुण दिलेलं नव्हे. कामाच्या पाळीमुळे थेट तासाला बसता येत नसेल, तर ध्वनिमुद्रण किती दिवस उपलब्ध राहतं हे आधी विचारा. काही ठिकाणी आठवड्यानंतर ते काढून टाकतात. ओळखीतलं एक माणूस सोबत घेता आलं तर फारच उत्तम. नाहीतर वर्गातल्याच कुणाला तरी पहिल्या आठवड्यात निरोप पाठवा : ‘दर रविवारी दहा मिनिटं फोनवर बोलू या का?’ तुम्ही ज्याला विचाराल त्यालाही असंच कुणीतरी हवं असतं.

आणि अभ्यासाला वेळ थोडा असेल, तर तो पुन्हा पुन्हा वाचण्यात घालवू नका. एकदा वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग पुस्तक उघडून चुकलेलं पाहा. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये नेमकं हेच तपासलं. उतारा फिरून फिरून वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवत होतं, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. मूल झोपल्यावरची वीस मिनिटं अशी वापरलीत तर ती खरोखर कामी येतात. तुमचा एक अभ्यासक्रम पूर्ण झाला की मला कळवा, मला मनापासून वाट पाहायला आवडेल.

प्रश्न : आईचं वय ७२. तिला ऐकायला, वाचायला आवडतं, पण परीक्षेचं नाव काढलं की ती बिचकते. तिच्यासाठी कोणता अभ्यासक्रम निवडू?

तुम्ही निवडू नका. माहितीपत्रकं तिच्या हाती द्या आणि खुणा तिला करू द्या.

परीक्षेशिवायचं शिक्षण हलकं असतं असं मानायचं कारण नाही. डेन्मार्कच्या ग्रुंटविग यांच्या विचारांतून १८४४ मध्ये रोडिंगला पहिली लोकशाळा निघाली, तिथे परीक्षाच नव्हत्या. फ्रान्समध्ये तुलूझला प्रा. पिएर व्हेलास यांनी १९७३ मध्ये निवृत्तांसाठी ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ सुरू केलं. पुढे ही कल्पना ब्रिटनमध्ये पोचली, तेव्हा तिथल्या लोकांनी ती आणखी पुढे नेली. प्राध्यापक बाहेरून आणायचे नाहीत, सभासदांनीच एकमेकांना शिकवायचं. ज्याला लॅटिन येतं तो लॅटिन शिकवील, आणि दुसऱ्या दिवशी वनस्पतिशास्त्राच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसेल. तुमच्या आईला असा गट जास्त मानवेल असं पत्रावरून वाटतं. विद्यापीठाच्याच वर्गाला जायचं असेल, तर ‘मूल्यमापनाशिवाय उपस्थिती’ची सोय आहे का ते विचारा. आणखी एक बारीक गोष्ट : वर्ग कितव्या मजल्यावर आहे, उद्वाहन चालू असतं का, ध्वनिक्षेपक वापरतात का, हे फोन करून पक्कं करा. चांगल्या वर्गातली कितीतरी ज्येष्ठ माणसं केवळ जिन्यामुळे गळताना मी पाहिली आहेत.

प्रश्न : वर्गात बरेच जण पदवीधर आहेत. मी वाहन दुरुस्तीच्या धंद्यातला माणूस. पर्यावरणशास्त्राच्या वर्गात प्रश्न विचारावासा वाटतो, पण तोंड उघडत नाही. काय करू?

माझ्या भूजलाच्या वर्गात बोअर घेण्याच्या धंद्यातले एक गृहस्थ शेवटच्या बाकावर बसत. मी खडकांची सच्छिद्रता शिकवत होते : कणांच्या मधल्या पोकळीत पाणी कसं साठतं वगैरे. त्यांनी बिचकत विचारलं, “मग एकाच शेतात पन्नास फुटांवर दोन बोअर घेतले, तर एकाला भरपूर पाणी आणि दुसरा कोरडा, असं का होतं?” वर्गातल्या पदवीधरांपैकी कुणालाही हा प्रश्न सुचला नव्हता, कारण त्यांनी कोरडा बोअर पाहिलाच नव्हता. त्यांच्या त्या एका प्रश्नावर आमचे पुढचे दोन्ही तास गेले. कठीण खडकात कणांच्या मधे जागा जवळजवळ नसतेच. पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि खाली भेगांत, सांध्यांत असतं. भेग लागली तर पाणी लागतं, हातभर बाजूने गेली तर बोअर कोरडा. मी हे पुढच्या आठवड्यांत कधीतरी शिकवणारच होते, पण त्यांनी विचारल्यामुळे सगळ्या वर्गाला ते कायमचं कळलं.

तुम्हीही इंजिनात इंधन कसं जळतं, अर्धवट जळलं तर धूर कसा बदलतो, हे हातांनी शिकला आहात. हवा-प्रदूषणाच्या तासाला तुमच्या शेजारच्या पदवीधराकडे हे ज्ञान नाही. तुम्ही जे रोज पाहता तिथूनच प्रश्न काढा : ‘माझ्याकडे अशी गाडी येते, तिचं असं होतं, तुम्ही सांगितलंत त्यात हे कसं बसतं?’ असा प्रश्न ऐकला की शिकवणारा माणूस खुर्चीत सावरून बसतो. समोर बोलायला फारच जड जात असेल, तर वर्ग सुटल्यावर चिठ्ठीवर लिहून द्या. स्टुअर्टच्या विद्यार्थिनींनी लिहूनच उत्तरं दिली आणि त्यातून एक सबंध पद्धत उभी राहिली, हे वर सांगितलंच आहे.

प्रश्न : पैसे भरून इतिहासाच्या वर्गाला जातो आहे. दोन तास झाले. शिकवणारे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतात आणि निघून जातात. सोडून द्यावं का?

तिसरा तास होईपर्यंत थांबा, पण गप्प बसू नका. आधी शुल्क परत मिळण्याची मुदत पाहा. ती बहुधा पहिल्या काही तासांपुरतीच असते, आणि नोंदणीच्या अर्जामागच्या बारीक अक्षरांत लिहिलेली असते. मग शिकवणाऱ्यांना थेट आणि आदराने लिहा. ‘शिकवणं कंटाळवाणं आहे’ असं लिहिलंत तर ते फक्त दुखावतील. नेमकं मागा : पुढच्या तासाचं वाचन आधी मिळेल का? शेवटची वीस मिनिटं प्रश्नांना देता येतील का? एक पानाचं टिपण लिहून आणलं तर वाचाल का? माझ्या विभागात नव्याने येणारे बरेच अध्यापक मोठ्या वर्गांना शिकवून आलेले असत. प्रौढ माणसं प्रश्न विचारायला येतात, त्यांना स्वतःचं काही सांगायचं असतं, याची त्यांना कल्पनाच नसे. कुणी असं नेमकं मागितलं की त्यांतले बहुतेक जण बदलत, आणि काहींना तो वर्ग त्यांच्या नेहमीच्या वर्गांपेक्षा आवडू लागे.

तिसऱ्या तासालाही काही हललं नाही, तर मुदतीच्या आत विभागप्रमुखांना लेखी कळवा, शुल्क परत मागा आणि दुसरा वर्ग शोधा. त्या वेळी नाव घालण्याआधी विभागाला तीन गोष्टी विचारून घ्या : वर्गात किती जण असतात, लेखी काम कोण तपासतं, आणि ते किती दिवसांत परत मिळतं. तिसऱ्या प्रश्नाला ज्या विभागाकडे तयार उत्तर असेल, तिथे जा.